गुणसूत्राच्या टोकावरचे मौन आणि आपली लेखणी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी मधुमेह, हृदयविकार, संधिवात अशा जिव्हाळ्याच्या विषयांवर लेख येतात, आणि ते यावेतच. यंदा मात्र संपादकांच्या आग्रहाचा थोडा गैरफायदा घेऊन मी एका अशा विषयाकडे लक्ष वेधू इच्छितो, की ज्याचे नाव वाचून अनेक सहव्यवसायी बंधुभगिनी पान उलटतील. विषय आहे यीस्ट या एकपेशीय किण्वातील जनुकांचे मौन. पाव फुगवणाऱ्या आणि मद्य आंबवणाऱ्या या किण्वाचा आपल्या दवाखान्याशी काय संबंध, असा प्रश्न साहजिक आहे. संबंध आहे, आणि तो मला ग्रंथांनी नव्हे, तर एका रुग्णाने दाखवून दिला, हे आरंभीच कबूल करतो.

२०१३ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्याकडे नियमाने येणारे एक निवृत्त शिक्षक होते. वय सत्तरीचे, रक्तदाब आणि बेताचा मधुमेह. त्या दिवसांत एका औषध प्रतिनिधीने माझ्या टेबलावर एक गुळगुळीत पत्रक ठेवले होते. द्राक्षाच्या सालीत सापडणारे रेस्व्हेराट्रॉल नावाचे द्रव्य ‘दीर्घायुष्याचे जनुक’ जागे करते, असा त्याचा मथळा होता. शास्त्रीय वाटाव्यात अशा आकृत्या होत्या, आलेख होते. मी ते वरवर चाळले आणि गुरुजींच्या चिठ्ठीत शेवटच्या ओळीत ती कॅप्सूल लिहिली. कोणत्या रोगासाठी लिहिली, असे कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते. होळीच्या सुमारास गुरुजी रिकाम्या बाटल्या पिशवीत घालून आले आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, पेन्शनीतले बरेच पैसे यावर जातात. जातात त्याचं काही नाही. पण हे नेमकं काय करतं, तेवढं समजावून सांगाल का? मी विज्ञानच शिकवायचो.”

मी ‘पेशींचे वय’, ‘जनुकांची जागृती’ असे काहीबाही बोललो. अभ्यास न करता आलेल्या विद्यार्थ्याचे उत्तर शिक्षक जसे शांतपणे ऐकून घेतो, तसे त्यांनी ते ऐकून घेतले. त्या रात्री मी वाचायला बसलो. त्या वाचनाचा माग काढत मी जिथे पोहोचलो, ते ठिकाण म्हणजे यीस्टच्या गुणसूत्राचे टोक.

जनुक शाबूत असणे आणि ते कार्यरत असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जनुक गुणसूत्रावर कोठे बसले आहे यावरही त्याचे बोलणे अवलंबून असते, हे प्रथम फळमाशीत दिसले. १९३० साली हर्मन मुलर यांनी क्ष-किरणांचा मारा केलेल्या माश्यांत काहींचे डोळे लाल-पांढरे, कबरे निघाल्याचे नोंदवले. डोळ्याला लाल रंग देणारे जनुक नष्ट झाले नव्हते. ते गुणसूत्राच्या घट्ट गुंडाळलेल्या भागाशेजारी जाऊन पडले होते. त्या शेजारामुळे काही पेशींत ते गप्प बसले, काहींत बोलत राहिले.

यीस्टमधील तसाच प्रकार १९९० साली डॅनियल गॉट्शलिंग, व्हर्जिनिया झाकियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. प्रयोग इतका सुबोध आहे, की तो शाळेतल्या मुलालाही सांगता यावा. यीस्टमध्ये अ‍ॅडेनिन तयार करण्याच्या मार्गावरील ‘एडीई-२’ नावाचे एक जनुक आहे. ते काम करत असेल तर पेशींची वसाहत पांढरी दिसते. ते बंद पडले तर एक लाल रंगद्रव्य साचून वसाहत लाल होते. संशोधकांनी हे जनुक उचलून गुणसूत्राच्या अगदी टोकाशी, टेलोमिअरच्या शेजारी, नेऊन बसवले. वाढलेल्या वसाहती पूर्ण पांढऱ्या नव्हत्या की पूर्ण लाल नव्हत्या. त्यांत लाल आणि पांढऱ्या फाका होत्या. सर्व पेशी एकाच मातृपेशीच्या वंशातल्या, सर्वांचा डीएनए तोच. तरीही काही वंशशाखांत जनुक अनेक पिढ्या गप्प राही आणि मग केव्हातरी पुन्हा बोलू लागे. डीएनएचे एक अक्षरही न बदलता अवस्था वारशाने जात होती, आणि ती उलटवताही येत होती.

हे मौन पाळले कसे जाते, तेही क्रमाक्रमाने उलगडले. टेलोमिअरच्या पुनरावृत्त डीएनएवर ‘रॅप-१’ हे प्रथिन बसते. ते ‘सर’ कुळातील प्रथिनांना बोलावून घेते. सर-२, सर-३ आणि सर-४ या तिघांवाचून टोकावरचे मौन टिकत नाही, हे १९९१ साली दिसून आले. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्या शेपटांवरील अ‍ॅसिटिल गट सर-२ काढून टाकते. असा उघडा पडलेला हिस्टोन सर-३ला पकडायला सोयीचा होतो. तेथे नवे सर-२ येऊन बसते, ते पुढच्या हिस्टोनवरचे अ‍ॅसिटिल काढते, आणि अशा रीतीने मौनाची ही चादर टोकापासून आत काही हजार बेस-जोड्यांपर्यंत पसरते. २००० साली शिन-इचिरो इमाई, लेनर्ड ग्वारांटे आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की सर-२ला हे काम करण्यासाठी एनएडी हा रेणू लागतो. एनएडी म्हणजे पेशीच्या चयापचयाचे चलनच. पेशीच्या पोषणाचा आणि तिच्या जनुकांच्या मौनाचा असा थेट सांधा जुळला.

येथपर्यंत सारे निर्मळ विज्ञान आहे. वाट फुटते ती यापुढे. एक वाट वैद्यकाकडे गेली आणि दुसरी बाजाराकडे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की आपण डॉक्टर मंडळी दुसऱ्या वाटेवरचे पत्रक वाचतो आणि पहिल्या वाटेवर काय पिकले आहे, त्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

बाजाराची वाट आधी पाहू. यीस्टची मातृपेशी कळ्या फुटून साधारण वीस-पंचवीस लेकी प्रसवते आणि थकते. १९९९ साली ग्वारांटे यांच्या प्रयोगशाळेत मॅट केबरलीन आणि सहकाऱ्यांना आढळले, की सर-२च्या जनुकाची एक जादा प्रत दिली तर मातृपेशीचे हे आयुष्य सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. ‘दीर्घायुष्याचे जनुक’ हा शब्द येथून जन्मला. परंतु त्या वाढीचे जे स्पष्टीकरण त्याच प्रयोगशाळेने दिले, ते कोणत्याही पत्रकावर छापलेले मी पाहिले नाही. यीस्टमध्ये रायबोसोमच्या आरएनएची जनुके शेकडो प्रतींत एका रांगेत असतात. त्यांतून डीएनएची लहान वर्तुळे सुटतात, ती मातृपेशीत साचतात आणि तिला थकवतात. सर-२ ती सुटण्यास आळा घालते. म्हणजे ते ३० टक्के यीस्टच्या एका खास अडचणीचे आहेत. माणसाच्या म्हातारपणाचे कारण अशी वर्तुळे आहेत, असे कोणी दाखवलेले नाही.

पुढे २००३ साली रेस्व्हेराट्रॉल सर-२ला आणि त्याच्या मानवी भावंडाला उत्तेजन देते, असा शोध प्रसिद्ध झाला. दोनच वर्षांत, २००५ साली, दोन स्वतंत्र गटांनी दाखवले, की ते उत्तेजन मोजणीसाठी वापरलेल्या चमकणाऱ्या रंगद्रव्यामुळे दिसत होते. ते रंगद्रव्य न जोडलेल्या नैसर्गिक द्रव्यावर प्रयोग केला तर परिणाम नाहीसा होत होता. तरीही २००८ साली ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीने या संशोधनावर उभी राहिलेली सर्ट्रिस ही कंपनी ७२ कोटी डॉलरना विकत घेतली. २०११ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या निबंधाने कृमी आणि फळमाशी यांतील आयुष्यवाढीचे आधीचे निष्कर्षही काळजीपूर्वक तुलना केल्यावर टिकत नाहीत, असे दाखवले. मार्च २०१३मध्ये ग्लॅक्सोने सर्ट्रिसची स्वतंत्र प्रयोगशाळा बंद केल्याचे जाहीर केले. म्हणजे मी गुरुजींच्या चिठ्ठीवर ती ओळ लिहिली, तेव्हा ज्यांनी त्यावर ७२ कोटी डॉलर लावले होते, त्यांनी ते दुकान आवरून काही महिने झाले होते. मला त्याचा पत्ता नव्हता, आणि तो लावावा असे मला वाटलेही नव्हते. दोष पत्रकाचा होता. पण सही माझी होती.

आता वैद्यकाची वाट. टोकावरचे हे मौन ही यीस्टची खासगी लकब नाही. आपण रोज ज्यांच्याशी झुंजतो, त्यांतील काही जंतू तेच शस्त्र आपल्याविरुद्ध वापरतात.

पहिले उदाहरण फॅल्सिपॅरम मलेरियाचे. ज्या प्रथिनामुळे बाधित तांबड्या पेशी मेंदूच्या व इतर अवयवांच्या केशवाहिन्यांना चिकटतात, त्याची सुमारे ६० जनुके या परोपजीवीपाशी असतात, आणि त्यांतील बहुतांश गुणसूत्रांच्या टोकांजवळ बसलेली असतात. एका वेळी एकच बोलते, बाकीची गप्प असतात. आपल्या प्रतिकारशक्तीने एक मुखवटा ओळखावा, तोवर परोपजीवी दुसरा चढवतो. या मौनात यीस्टच्या सर-२चे मलेरियातील भावंड भाग घेते, हे २००५ साली दिसून आले. मलेरियाची लस करणे इतके कष्टाचे का ठरले, याचे एक कारण या टोकांवर आहे.

दुसरे उदाहरण अतिदक्षता विभागातील सर्वांच्या परिचयाचे: कॅन्डिडा ग्लाब्राटा. मूत्रनलिका घातलेल्या, मधुमेही, प्रतिजैविकांचे अनेक कोर्स झालेल्या रुग्णाच्या लघवीत हे किण्व सापडते आणि फ्लुकोनॅझोलला पुरेसे दाद देत नाही. आपल्या पेशींना चिकटण्यासाठी लागणारी त्याची जनुके गुणसूत्राच्या टोकांशी असतात आणि एरवी सर-प्रथिनांनी गप्प ठेवलेली असतात. या किण्वाला निकोटिनिक आम्ल स्वतः तयार करता येत नाही. ते बाहेरून मिळवावे लागते. लघवीत ते अपुरे असते. निकोटिनिक आम्ल कमी, म्हणून एनएडी कमी. एनएडी कमी, म्हणून सर-२ दुबळे. सर-२ दुबळे, म्हणून टोकावरचे मौन सुटते आणि चिकटण्याची जनुके बोलू लागतात. उंदरांतील मूत्रमार्गसंसर्गावरील हा अभ्यास २००५ साली ‘सायन्स’मध्ये आला. दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या भागातला पेलाग्रा आपल्यातील ज्येष्ठांनी पाहिला असेल. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेचे गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याकडे जगाचे लक्ष वेधले. माणसात पेलाग्रा घडवणारी तीच उणीव या किण्वाला मात्र आक्रमणाचा इशारा देते, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

तिसरे उदाहरण माणसाचेच. चेहरा, खांदे आणि दंड यांचे स्नायू झिजवणारा एक आनुवंशिक विकार आहे, ज्याला संक्षेपाने एफएसएचडी म्हणतात. चौथ्या गुणसूत्राच्या टोकाजवळ डीएनएचा एक तुकडा पुनःपुन्हा येतो. निरोगी माणसात त्याच्या ११ ते १०० प्रती असतात. या विकाराच्या नेहमीच्या प्रकारात १ ते १० उरतात. प्रती घटल्या की त्या भागाची गुंडाळी सैल होते आणि ‘डक्स-४’ हे जनुक, जे प्रौढ स्नायूत गप्प असायला हवे, ते बोलू लागते. २०१० साली ही साखळी सिद्ध झाली, आणि २०१३ साली असेही दिसले, की टेलोमिअर जसजसे आखूड होते, तसतसे डक्स-४ अधिक बोलते. येथे काम करणारी प्रथिने यीस्टहून निराळी आहेत, हे सांगितले पाहिजे. तत्त्व मात्र तेच आहे. उपचार अजून हाती आलेला नाही. ज्यावर मोठी भिस्त होती ते लॉस्मापिमॉड २०२४ साली अंतिम टप्प्याच्या चाचणीत अपयशी ठरले. पण ‘तुमच्या मुलाला हे का झाले’ या आईच्या प्रश्नाला आज आपण प्रामाणिक उत्तर देऊ शकतो. माझ्या मते हेही वैद्यकच आहे.

काही सहव्यवसायी म्हणतील, “सकाळपासून रात्रीपर्यंत साखर आणि रक्तदाब पाहणाऱ्याला एवढा वेळ कोठून आणावा? आणि ती कॅप्सूल तशी निरुपद्रवीच. रुग्णाला समाधान मिळते.” पहिला आक्षेप मला मान्य आहे, वेळ खरोखरच नाही. पण ज्या गोष्टीसाठी वाचायला वेळ नाही, ती लिहायलाही हात उचलू नये, एवढा नियम तर पाळता येईल. दुसरा आक्षेप मात्र मान्य नाही. रेस्व्हेराट्रॉलची एक खास घडवलेली, मोठ्या मात्रेची आवृत्ती मल्टिपल मायलोमाच्या रुग्णांना चाचणीत दिली होती. काहींची मूत्रपिंडे निकामी झाल्यावर २०१० साली ती चाचणी थांबवावी लागली. त्या रोगात मूत्रपिंड तसेही धोक्यात असते, हे खरे. तरीही ‘निरुपद्रवी’ हा शब्द सिद्ध करावा लागतो, गृहीत धरता येत नाही. आणि समजा ती शरीराला निरुपद्रवी असली, तरी पेन्शनीला नाही. चालायला जाण्याऐवजी कॅप्सूल घेतली म्हणजे झाले, असे वाटू लागलेल्या मनालाही नाही. नाव बदलून हेच सारे आता पुन्हा येत आहे: एनएडी वाढवणारी, एनएमएन नावाची पूड आणि कॅप्सूल. एनएडीचे जीवशास्त्र खरे आहे, यात शंका नाही. पण ती घेऊन माणूस अधिक जगतो, असे कोणत्याही चाचणीने दाखवलेले नाही. मधली पायरी कोणी बांधलेली नसताना आपण रुग्णाला जिन्यावर चढवू नये.

या कथेत एक गोष्ट मला विशेष शिकण्यासारखी वाटते. टोकावरच्या मौनाच्या अभ्यासकांनीही चुका केल्या, पण त्या त्यांनी स्वतःच शोधल्या. १९९९ साली प्राइड आणि लुई यांनी दाखवले, की प्रयोगासाठी घडवलेल्या टोकांपाशी दिसणारे मौन यीस्टच्या नैसर्गिक टोकांपाशी सर्वत्र तसे आढळत नाही. टोकागणिक ते बदलते. २०११ साली असे लक्षात आले, की मौन मोजण्याच्या एका लोकप्रिय चाचणीतील रसायनच काही उत्परिवर्तित पेशींना निराळ्या कारणाने मारत होते, आणि त्यामुळे काही प्रथिनांना मौनाचे श्रेय चुकून दिले गेले होते. रंगद्रव्याने फसवले तसेच या रसायनाने फसवले. फरक इतकाच, की प्रयोगशाळेत ‘हे मोजले कसे?’ हा प्रश्न विचारण्याची रीत आहे. आपल्या दवाखान्यात, प्रतिनिधीसमोर, ती रीत मोडली आहे.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना नम्रपणे ठेवतो. एक, आपल्या मासिक सभांतील निदान एक व्याख्यान दरवर्षी कोणत्याही कंपनीच्या खर्चाशिवाय, विद्यापीठातील एखाद्या जीवशास्त्रज्ञाचे, शक्य तर मराठीतून व्हावे. त्यात औषधाचे नावही नसावे. आपल्या पूर्वसुरींनी या परप्रांतात ग्रंथालये आणि व्याख्यानमाला उभ्या केल्या त्या ज्ञानासाठी. हे त्यांच्या परंपरेत बसणारेच आहे. दोन, ज्या द्रव्याचा माणसांतील चाचण्यांनी सिद्ध झालेला उपयोग आपल्याला दोन वाक्यांत रुग्णाला सांगता येत नाही, ते त्याच्या चिठ्ठीवर लिहू नये, असा संकल्प आपण सर्वांनी करावा. यास कायद्याची गरज नाही. गुरुजींच्या प्रश्नाची आठवण पुरे.

त्यांचे काय झाले, ते सांगून थांबतो. पुढच्या भेटीत मी त्यांची क्षमा मागितली आणि ती ओळ खोडली. ते म्हणाले, “खोडलीत ते बरं केलंत. आता मूळ गोष्ट सांगा.” मग मी चिठ्ठीच्या पाठीमागे एक वर्तुळ काढले, त्यात लाल पेनने फाका रंगवल्या आणि जनुक टोकाशी नेल्यावर काय होते, ते त्यांना सांगितले. बाहेर रुग्ण खोळंबले होते. गुरुजींनी दोन शंका विचारल्या. एकीचे उत्तर मला आले, दुसरीचे आले नाही, आणि तसे मी त्यांना सांगितले. जाताना त्यांनी तो कागद मागून घेतला आणि घडी करून खिशात ठेवला.